रंग कशानें टिकतो?

"आमच्या घरीं मासे आहेत," असें आम्हीं एका स्नेह्यांस प्रथम सांगितलें, तेव्हां त्यांनीं एकवार आमच्या तोंडाकडे व एकवार स्वयंपाकघराकडे पाहिलें. दादरच्या ज्या घरांत चातुर्मासांत कांदा-लसूणही उंबरठ्याबाहेर राहतो, त्या घरांत मासे कसे, ही शंका त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटली होती. मासे दिवाणखान्यांत आहेत, जिवंत आहेत आणि पोहत आहेत, असा खुलासा केल्यावर त्यांचा जीव भांड्यांत पडला. या मासे पाळण्याच्या उद्योगानें आम्हांस जें शिकविलें, तें मासे न पाळणाऱ्या वाचकांच्याही उपयोगीं पडेल असें वाटतें, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्टीला आरंभ आमच्या नानांपासून केला पाहिजे. नाना हे आमचे चुलते. ठाकुरद्वाराजवळच्या एका चाळींत त्यांचा जन्म झाला, तेथेंच संसार झाला आणि वयाच्या ऐंशी वर्षांपर्यंत त्या चाळीच्या जिन्याशिवाय दुसरा जिना आपला म्हणून त्यांस ठाऊक नव्हता. मूलबाळ नाहीं. काकू गेल्या, तेव्हां नानांनीं तेथें एकट्यानें राहूं नये असें आम्हां सर्वांचें एकमत झालें, व आम्हीं त्यांस दादरला आपल्या घरीं आणलें. त्यांस स्वतंत्र खोली दिली. पूर्वेची खिडकी, वेळेवर औषध, मऊ भात आणि मुख्य म्हणजे शांतता! चाळींत त्यांस ती कधींच मिळाली नव्हती. तेथें समोरच्या बिऱ्हाडांत अण्णा म्हणून एक गृहस्थ राहत. त्यांच्याशीं नानांचा पन्नास वर्षें वाद चालला होता. पाण्याच्या पाळीवरून निघालेला तो वाद पुढें नाट्यसंगीतावर गेला. नाना बालगंधर्वांच्या पक्षाचे, तर अण्णा दीनानाथांच्या. दीनानाथ मंगेशकर १९४२ सालीं वारले. त्याच सालीं नाना जन्मले, आणि अण्णा त्यांच्याहून एकाच वर्षानें वडील. म्हणजे ज्या आवाजावरून अर्धें शतक तंटा झाला, तो या दोघांनींही केवळ तबकडीवर ऐकलेला! "त्या कटकटींतून सुटलांत एकदांचे," असें आम्ही नानांस म्हणत असूं, आणि नाना नुसती मान हलवीत.

सहा महिन्यांत ते अगदीं गप्प झाले. जेवण होतें, झोंप होती, वर्तमानपत्र मांडीवर असे, पण त्याचें पान उलटत नसे. त्यांस कांहीं विरंगुळा हवा, असें आमच्या मनानें घेतलें. नाना नऊ वर्षांचे असतां, १९५१ सालीं, चर्नी रोडजवळ मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें. तेथल्या कांचेला नाक चिकटवून आपण किती वेळ उभे राहिलों, हें ते आम्हांस लहानपणीं रंगवून सांगत. तें मत्स्यालय २०१५ सालीं नव्या रूपांत पुन्हां उघडलें आणि २०२० सालच्या साथींत बंद झालें. नानांस तेथें न्यावें हा आमचा बेत त्यामुळें मनांतच राहिला होता. आमचे चिरंजीव म्हणाले, "आजोबांना समुद्राकडे नेतां येत नसेल, तर समुद्रच घरीं आणूं."

समुद्र घरीं आणणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. चौपाटीवरून चार बादल्या पाणी आणावें, अशी आमची बाळबोध कल्पना होती. परंतु तें पाणी गढूळ, त्यांत शहराचें सांडपाणी मिसळलेलें, आणि पावसाळ्यांत त्याचा खारटपणाही उतरलेला. म्हणून नळाचें पाणी यंत्रानें गाळून त्यांत याच कामासाठीं मिळणारें मीठ कालवावें लागतें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं. कारण समुद्रांत मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादिकांचे क्षारही असतात. प्रमाण लिटरास सुमारें ३५ ग्रॅम. आमची टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच. तींत सुमारें २५० लिटर पाणी मावतें, म्हणजे मीठ लागलें पावणेनऊ किलो! तो ढीग पाहून आई म्हणाली, "एवढ्यांत माझीं सात वर्षांचीं लोणचीं झालीं असतीं." पाणी, कांच, दगड व घडवंची मिळून साडेतीनशें किलोंवर वजन भरलें, तेव्हां टाकी खोलीच्या मध्यभागीं न ठेवतां भिंतीलगत, तुळईच्या रेषेंत ठेवली. पाणी भरल्यावरही दीड महिना तींत मासा सोडावयाचा नाहीं. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो, तो त्यांस विषासारखा. त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु दगडांवर वाढूं द्यावे लागतात. पोवळीं आम्हीं ठेवलीं नाहींत. २००१ सालापासून वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें त्यांस अभय दिलेलें आहे. आमच्या टाकींतले दगड कृत्रिम आहेत.

ज्याच्यासाठीं हा सारा खटाटोप केला, त्या माशास इंग्रजींत फेअरी रॅस म्हणतात. आम्ही घरांत त्याला परीमासा म्हणतों. याचें शास्त्रीय नांव सिऱ्हिलॅब्रस. टेमिंक व श्लेगेल या शास्त्रज्ञांनीं १८४५ सालीं या प्रजातीस तें नांव दिलें. आजवर हिच्या साठांच्या आसपास जाति नोंदल्या गेल्या आहेत व अजून नव्या सांपडत आहेत. २०२२ सालीं मालदीव बेटांजवळच्या खोल पाण्यांतील एका जातीस तेथल्या भाषेंतील गुलाबाच्या फुलाचें नांव देण्यांत आलें, आणि तें देणाऱ्यांत अहमद नजीब या मालदीवच्याच शास्त्रज्ञाचा भाग होता. आमचा मासा इंडोनेशियाच्या समुद्रांतला, सोलोरेन्सिस जातीचा. लांबीला बोटाएवढा, पण रंग काय वर्णावा! डोकें केशरी, गालामागें जांभळी कोर, अंगावर गुलाबी व हिरव्या छटांची लाट. जणूं पैठणीचा धूपछांव पदर पाण्यांत हलत आहे. दुकानांत शेजारच्या टाकींत त्याच जातीचे फिकट, लालसर, लहान मासे होते. "त्या माद्या," असें दुकानदारानें सांगितलें. ज्यांस रंग नाहीं त्यांच्यासाठीं पैसे मोजावे, असें आम्हांस वाटलें नाहीं. सर्वांत रंगीत असा एक नर आम्हीं निवडला व विजयी मुद्रेनें घरीं आलों.

पहिले काहीं आठवडे फार सुखाचे गेले. पहिल्याच रात्रीं दगडाच्या कपारींत शिरून त्यानें अंगाभोंवतीं पातळ, पारदर्शक बुळबुळीत पिशवी विणली. आम्ही घाबरलों. मागाहून कळलें कीं, हे मासे झोंपतांना असें आवरण करून घेतात. आई म्हणाली, "मच्छरदाणी लावून झोंपला आहे, झोंपूं द्या." त्याच्या अन्नाचा प्रश्न मात्र अवघड होता. समुद्रांत हा मासा पाण्याबरोबर वाहत येणारे बारीक जीव खातो. घरीं त्याला कोळंबीच्या जातीचे सूक्ष्म प्राणी बर्फांत गोठवून ठेवून द्यावे लागतात, तेही दिवसांतून तीन वेळां, थोडेथोडे. ज्या कप्प्यांत नैवेद्याच्या श्रीखंडाचा चक्का असतो, तेथें तें पाकीट जाणें शक्यच नव्हतें. शेवटीं आईनें निवाडा दिला, "त्याचा धर्म त्याला, आपला आपल्याला, पण फ्रिज वेगळा." त्याप्रमाणें गॅलरींत एक लहानसा फ्रिज आला, आणि आमच्या घरांतील धर्मसंकट टळलें.

तीन महिन्यांनीं आमच्या धाकट्या पुतणीच्या प्रथम लक्षांत आलें. ती म्हणाली, "काका, याचा रंग धुतला गेला आहे." तें खरें होतें. केशर उतरलें होतें, जांभळी कोर पुसट झाली होती आणि पंख मिटलेले असत. आम्हीं अन्न बदललें. माशाच्या अंगचा लाल, केशरी व पिवळा रंग ज्या कॅरोटीन जातीच्या द्रव्यांचा होतो, तीं द्रव्यें त्याच्या शरीरांत तयार होत नाहींत. तीं खाद्यांतूनच यावीं लागतात. म्हणून तीं ज्यांत भरपूर आहेत असे प्रकार आणले. दिवा फार प्रखर असेल म्हणून मंद केला. खारटपणा मोजला. उन्हाळ्यांत पाण्याचें तपमान २६ अंशांवर राखण्यासाठीं थंड करणारें यंत्र बसविलें. सारें कांहीं पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें होतें. मासा जिवंत होता, निरोगी होता, खात होता. रंग मात्र नव्हता.

त्याच दिवसांत नानांसही आम्हीं दोन डॉक्टरांस दाखविलें. रक्त तपासलें, शक्तीचें औषध झालें, खोलींतला दिवा बदलला. डॉक्टरांनीं सांगितलें, "वयाच्या मानानें प्रकृति उत्तम आहे." नाना टाकीपुढें खुर्ची टाकून बसत, पण पाहत असत कीं नाहीं कोण जाणे. या दोन गोष्टी आमच्या डोळ्यांपुढें एकाच खोलींत घडत होत्या, तरी एकीवरून दुसरी आमच्या ध्यानांत आली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

माशाचें कोडें प्रथम सुटलें. चिरंजीवांनीं शास्त्रीय लेख वाचून जें सांगितलें तें असें. परीमासे समुद्रांत घोळक्यानें राहतात. एका नराभोंवतीं कित्येक माद्या असतात. जन्मतः हे मासे माद्याच असतात, आणि घोळक्यांतला नर नाहींसा झाला म्हणजे माद्यांपैकीं जी सर्वांत थोर, ती कांहीं आठवड्यांत रंग पालटून नर होते. ("घर चालवितां चालवितां कर्ता व्हावेंच लागतें," इति आई.) नराचा झगझगीत रंग हा माद्यांस दाखविण्यासाठीं व दुसऱ्या नरांस बजावण्यासाठीं असतो. दाखवावयास कोणी नाहीं आणि बजावावयास कोणी नाहीं, अशा ठिकाणीं तो रंग हळूहळू ओसरतो. जर्मनींतल्या ट्यूबिंगेनच्या संशोधकांनीं २०१४ सालीं आमच्याच जातीच्या नरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. या माशांच्या अंगावर गडद तांबडी चमक असते. त्यांनीं नरांपुढें आरसे ठेवले. आरशांतल्या प्रतिबिंबाची तांबडी चमक दिसूं दिली, तेव्हां नर त्याच्यावर चालून जात. तीच चमक गाळून टाकली, तेव्हां त्यांचा आवेश पुष्कळ कमी होई. म्हणजे या माशाला रंग दिसतो, आणि तो समोरच्याच्या रंगावर पेटून उठतो.

आम्हीं तत्काळ आरसा आणला व बाहेरून कांचेला टेकविला. काय सांगावें! क्षणांत पंख ताठ झाले, केशर चढलें, जांभळी कोर लखलखली. आमच्या आरडाओरड्यानें नाना खोलींतून बाहेर आले आणि किती तरी महिन्यांनीं वांकून पाहूं लागले. पांच मिनिटांनीं आरसा काढला. अर्ध्या तासांत मासा पुन्हां पूर्ववत् फिकट. चिरंजीव म्हणाले, "रोज थोडा वेळ आरसा दाखवायला हरकत नाहीं, पण फार वेळ ठेवला तर तो उगाच दमेल." नाना म्हणाले, "दमणारच. आरसा उलट उत्तर देत नाहीं."

वाचकांस वाटेल कीं, आमच्या डोक्यांत तेव्हांच प्रकाश पडला. तसें झालें नाहीं. उलट, नाना चार शब्द बोलले याचाच आम्हांस इतका आनंद झाला कीं, त्यांना बोलतें करण्याचा आम्हीं कट रचला. रात्रीं जेवतांना आमच्या धाकट्या बंधूंनीं मुद्दाम दीनानाथांची बाजू घेतली. बंधूंस गाण्यांतलें ओ कीं ठो कळत नाहीं. त्यांनीं चार वाक्यें पाठ केलीं होतीं. नानांनीं दोन ऐकलीं. मग ताकाची वाटी खालीं ठेवून, अगदीं मवाळ स्वरांत ते म्हणाले, "बाळ, तूं मला आरसा दाखवूं नकोस."

पंगतींत कोणी बोललें नाहीं. त्या रात्रीं आम्ही बराच वेळ टाकीपुढें बसलों होतों. हा मासा कोणीं तरी समुद्रांतून, त्याच्या घोळक्यांतून पकडून आणला होता. आम्हीं त्याला उत्तम पाणी, उत्तम अन्न दिलें आणि तो फिकट झाल्यावर पाण्याला व अन्नाला दोष देत बसलों. नानांसही आम्हींच उचलून आणलें होतें. त्यांचें भांडण ही त्यांची व्याधि आहे असें आम्हीं ठरविलें, आणि त्या व्याधीवर उपाय म्हणून शांतता दिली. पन्नास वर्षें ज्या माणसाशीं झुंजण्यासाठीं ते रोज नवा मुद्दा शोधीत, तो माणूसच आम्हीं काढून घेतला, व वर विचारीत राहिलों कीं, नाना, तुम्हांला हवें तरी काय?

माशाचा उपाय पुस्तकांत होता. ज्या फिकट माद्यांकडे आम्हीं नाक मुरडलें होतें, त्यांतल्याच तीन आणल्या. नर आधींपासून टाकीचा मालक होऊन बसलेला. एकदम सोडल्या असत्या तर त्यानें त्यांस जेरीस आणलें असतें. म्हणून टाकींतच एक भोंकांची पारदर्शक पेटी टांगून पांच दिवस त्या तींत ठेवल्या, आणि ओळख झाल्यावर सोडल्या. महिन्यानें दुसऱ्या जातीचा, थोडा लहान असा एक नर त्याच रीतीनें आणला. अगदीं एकाच जातीचे दोन नर एवढ्या जागेंत ठेवल्यास मारामारी हातघाईवर येते. जात भिन्न असली कीं बहुधा नुसती हमरीतुमरी होते, आणि आम्हांस तीच हवी होती. हे मासे घाबरले कीं उडी मारतात, यासाठीं टाकीवर बारीक जाळी घट्ट बसविली. रंग एका दिवसांत आला नाहीं. प्रथम पंखांच्या कडा उजळल्या, मग डोकें, आणि दोन महिन्यांनीं सारें अंग. आतां सकाळीं दिवा लागला कीं तो माद्यांपुढें पंख उभारून वरखालीं झेपावतो, आणि मग दुसऱ्या नराच्या अंगावर तिरका जाऊन त्याला दोन शब्द सुनावून येतो. अन्न तेंच, दिवा तोच, पाणीही तेंच.

नानांचा उपाय कोणत्याही पुस्तकांत नव्हता, परंतु २०२५ च्या ऑक्टोबरांत भुयारी मेट्रो दादरहून गिरगांवापर्यंत जाऊं लागली. आगगाडीचे पूल चढणें त्यांच्या गुडघ्यांस झेपत नव्हतें. मेट्रोला सरकते जिने व पाळणा आहे. पहिल्या गुरुवारीं आम्ही स्वतः बरोबर गेलों. चाळीच्या गॅलरींत अण्णा आरामखुर्चींत बसले होते, पूर्वीपेक्षां बरेच वाळलेले. त्यांनीं वर पाहिलें. ख्यालीखुशाली नाहीं, कांहीं नाहीं.

"दोन वर्षांत नवा मुद्दा सुचला असेल तर बसा," अण्णा म्हणाले.

"तुमचा जुना मुद्दाच अजून चुकीचा आहे," नाना म्हणाले, आणि बसले.

आम्ही तास-दीड तास बाहेर हिंडून आलों. परततांना नानांचा घसा बसला होता. घरीं येऊन त्यांनीं आपण होऊन दुसऱ्यांदा भात मागून घेतला, व जेवणानंतर जुन्या तबकड्यांची यादी करीत ते उशिरापर्यंत जागे राहिले. आई आम्हांस हळूच म्हणाली, "भावोजी आज आपल्या घरीं जेवले." इतके दिवस ते कोणाच्या घरीं जेवत होते, हें विचारण्याचें आम्हांस धैर्य झालें नाहीं.

गुरुवारचा हा क्रम मग बिनचूक चालला. परंतु गेल्या महिन्यांत चाळ पाडून नवी इमारत बांधण्याचें ठरलें, बिऱ्हाडें हललीं, आणि अण्णा आपल्या मुलीकडे दहिसरला गेले. तेथें त्यांस स्वतंत्र खोली आहे, उजेड आहे, शांतताही आहे. हें ऐकतांच आम्हीं त्यांच्या मुलीस निरोप धाडला. आतां गुरुवारीं आमचे चिरंजीव गाडी घेऊन दहिसरला जातात व अण्णांस घेऊन येतात.

पहिल्या खेपेस अण्णा काठी टेकीत टाकीपुढें उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, "तारापोरवाल्यांतले मासे याहून मोठे होते. आंत शिरल्यावर डाव्या हाताला कासव होतें."

"उजव्या," नाना म्हणाले.

"डाव्या. मी तुमच्याआधीं आठ दिवस पाहून आलों होतों."

"म्हणूनच विसरलांत."

आवाज चढूं लागले. आमची पुतणी घाबरून स्वयंपाकघरांत धांवली आणि म्हणाली, "आजी, आजोबा भांडताहेत!"

आईनें पोळी उलटली. "भांडूं देत," ती म्हणाली. "चहाचें आधण ठेव, आणि जातांना दार ओढून घे."